सोडलेला बाण, सुटलेला बाण

ऑयगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाच्या एका छोट्या पुस्तकात रात्रीच्या अंधारातला एक प्रसंग आहे. जपानमधल्या सेंदाई शहरात धनुर्विद्येचे गुरू आवा केंझो आपल्या या परदेशी शिष्याला रात्री सरावाच्या जागी बोलावतात. लक्ष्यासमोर एक बारीक उदबत्ती लावून ठेवायला सांगतात. दिवा लावत नाहीत. उदबत्तीचे टोक तेवढे लुकलुकते, लक्ष्य मात्र दिसत नाही. गुरू एकापाठोपाठ दोन बाण सोडतात. शिष्य जाऊन दिवा लावतो, तेव्हा पहिला बाण लक्ष्याच्या मधोमध रुतलेला असतो आणि दुसऱ्याने पहिल्याचे बूड फोडून त्याच्या शेजारी जागा केलेली असते.

ही कथा गेली पाऊणशे वर्षे सांगितली जात आहे. मूळ जर्मन पुस्तक १९४८ चे. १९५३ साली ‘झेन इन दि आर्ट ऑफ आर्चरी’ या नावाने ते इंग्रजीत आले आणि धनुष्याला कधी हातही न लावलेल्या लोकांनी ते डोक्यावर घेतले. रॉबर्ट पिर्सिगच्या मोटरसायकलवरच्या पुस्तकाचे नाव त्याच्याच नावावरून घडले. टिमथी गॉलवेचे टेनिसवरचे पुस्तक १९७४ चे. बडबड्या मनाला गप्प करा आणि शरीराला त्याचे काम करू द्या, हा त्याचा उपदेशही याच वाटेवरचा. तीच ती हालचाल हजारो वेळा केली की करणारा विरघळतो, मन रिकामे होते आणि मग क्रिया आपोआप घडते, ही समजूत आज धावणाऱ्यांच्या, पोहणाऱ्यांच्या आणि नेम साधणाऱ्यांच्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती कुठून आली हे कोणी विचारत नाही.

मला ते विचारायचे आहे. त्यासाठी खेळाच्या सरावावरची तीन पुस्तके मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. हेरिगेलचे धनुर्विद्येवरचे, अभिनव बिंद्राचे नेमबाजीवरचे आणि हारुकी मुराकामीचे धावण्यावरचे. तिघांच्या तपशिलांत एक गोष्ट दिसते आणि त्या तपशिलांवरून काढल्या जाणाऱ्या सिद्धान्तांत दुसरी. माझा कल तपशिलांकडे आहे.

हेरिगेल १९२४ ते १९२९ या काळात सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होता. जपानला जाण्यापूर्वीपासूनच त्याला माइस्टर एकहार्टसारख्या ख्रिस्ती गूढवाद्यांचे आकर्षण होते. झेनचा अनुभव घ्यायचा ही इच्छा तो सोबत घेऊनच तिथे उतरला होता. नुसते ध्यान करून ते साधणार नाही, एखादी कला शिकावी लागेल, असे सुचवले गेल्यावर त्याने धनुष्य निवडले. कारण मोठे साधे होते. त्याला बंदूक आणि पिस्तूल चालवण्याचा सराव होता, त्याचा इथे उपयोग होईल असे त्याला वाटले. तो झाला नाही. पहिले बरेच दिवस नुसते धनुष्य ओढण्यात, म्हणजे दंडाच्या स्नायूंनी न ओढता श्वासाच्या आधाराने ओढण्यात गेले. मग दोन पावलांवर ठेवलेल्या पेंढ्याच्या गुंडाळीवर बाण. जिथे चुकणे अशक्य, तिथे वर्षानुवर्षे बाण.

पुस्तकाचा सगळ्यात जिवंत भाग या पेंढ्याच्या गुंडाळीसमोर घडतो. हेरिगेलला प्रत्यंचा सोडणे जमत नाही. बोटे उघडताना हात झटका खातो आणि बाण थरथरत जातो. गुरू सांगतात, तू सोडू नकोस. मग सुटणार कसा, हे मात्र सांगत नाहीत. सुट्टीत समुद्रकाठी सराव करताना हेरिगेलला एक युक्ती सापडते. अंगठ्यावर दाबून धरलेली बोटे हळूहळू सैल करत नेली, की एका क्षणी प्रत्यंचा अचानक निसटते आणि आपण सोडल्याचे आपल्यालाही कळत नाही. परत आल्यावर तो मोठ्या आत्मविश्वासाने गुरूंसमोर बाण सोडतो. गुरू पुन्हा एकदा करायला सांगतात, मग त्याच्या हातातून धनुष्य काढून घेतात आणि पाठ फिरवून बसतात. शिकवणी जवळजवळ संपते. दुभाषाच्या मध्यस्थीने ती पुन्हा सुरू होते.

हा प्रसंग मला अंधारातल्या दोन बाणांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. बाहेरून पाहिले तर युक्तीचा बाण आणि खरा बाण यांत फरक नसावा. दोन्ही नकळत निसटले. पण गुरूंना फरक दिसला. तो कशात होता हे हेरिगेल सांगत नाही, कारण ते सांगायला जी भाषा लागते ती त्याच्याजवळ नव्हती. पुढे एके दिवशी एक बाण जातो आणि गुरू खाली वाकून नमस्कार करतात. म्हणतात, आता ‘त्या’ने बाण सोडला. जर्मनमध्ये ‘एस’, इंग्रजीत ‘इट’. सगळे पुस्तक या एका सर्वनामावर उभे आहे.

या सर्वनामाची झडती यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने घेतली. त्याचा निबंध इंग्रजीत २००१ साली आला आणि पुढे त्याचे पुस्तकही झाले. यामादा स्वतः धनुर्विद्या शिकलेला. त्याने दाखवले की आवा केंझो झेनच्या परंपरेतले नव्हतेच. त्यांनी १९२० च्या दशकात बाणविद्येचा स्वतःचा एक पंथ काढला होता आणि त्यावरून त्यांच्या क्षेत्रातले लोक त्यांच्याकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहत. ‘तो’ बाण सोडतो ही शिकवण त्यांनी हेरिगेलखेरीज दुसऱ्या कुणाला दिल्याची नोंद सापडत नाही. मग ती आली कुठून? यामादाची अटकळ अशी, की एखादा बाण चांगला गेल्यावर गुरू म्हणाले असतील, ‘सोरे देशिता’. साध्या जपानीत याचा अर्थ ‘हां, हेच ते’. आपल्याकडे तबल्याच्या शिकवणीत एखादा बोल बरोबर वाजला की गुरुजी ‘हं, हे असं’ म्हणतात, तितकाच. त्यातल्या ‘सोरे’ला, म्हणजे ‘ते’ला, जर्मन वाक्यात कर्त्याची खुर्ची मिळाली आणि शाबासकीचे तत्त्वज्ञान झाले. दुभाषा कोमाचिया सोझो यानेही पुढे लिहिताना मान्य केले आहे, की गुरूंचे बोलणे पुष्कळदा उलटसुलट असे आणि आपण ते सैलपणे भाषांतरित करत असू.

अंधारातल्या बाणांच्या वेळी तर दुभाषा हजरच नव्हता. गुरू आणि शिष्य दोघेच, आणि शिष्याचे जपानी बेताचे. नंतर आवांना त्या रात्रीबद्दल विचारले तेव्हा त्यांनी तो योगायोग होता असे सांगितले. असे काही दाखवून द्यायचे त्यांच्या मनात नव्हते. शिवाय आपलाच बाण आपल्याच बाणाने फोडणे यात धनुर्धराला मिरवण्यासारखे फारसे काही नसते. एक चांगला बाण फुकट जातो.

यामादाचा निबंध वाचून हेरिगेल मोडीत निघाला असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. त्याचा सिद्धान्त डळमळतो, पण पेंढ्याची गुंडाळी, सुट्टीतली युक्ती आणि पाठ फिरवून बसलेले गुरू हे जिथल्या तिथे राहतात. हेरिगेलने १९३७ साली नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले होते, हेही वाचताना विसरू नये. अहं विरघळवण्याची भाषा करणाऱ्याचे कान व्यवहारात शाबूत असतातच असे नाही.

मराठी वाचकासाठी या सर्वनामाच्या गोंधळात एक वेगळी गंमत आहे. जर्मनला क्रियापदापुढे कर्ता लागतो. तो नसेल तर ‘एस’ आणून बसवावा लागतो. मराठीला त्याची गरज नाही. आपल्याकडे ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ अशी जोडीच आहे. मी बाण सोडतो, बाण सुटतो. दुसऱ्या वाक्यात कोणी ‘तो’ लपून बसलेला नाही. हात बसतो, लय सापडते, तंद्री लागते, हालचाल अंगवळणी पडते. यांतल्या कुठल्याही वाक्याला गूढ कर्ता नको आहे. हेरिगेलला मराठी येत असती तर पुस्तक बरेच लहान झाले असते!

पण याच जोडीत धोकाही आहे. एक म्हणजे, आपल्याजवळ ‘करविता’ नावाची तयार खुर्ची शतकानुशतके मांडून ठेवलेली आहे. हेरिगेलचा ‘तो’ तिच्यात इतक्या सहज जाऊन बसतो की मराठी वाचकाला या पुस्तकात नवे काही वाटत नाही आणि शंकाही येत नाही. दुसरा धोका अधिक बारीक आहे. ‘सुटणे’ हे क्रियापद निष्णाताच्या बाणालाही चालते आणि निष्काळजी माणसाच्या बंदुकीलाही. पिस्तूल साफ करताना गोळी सुटली, अशी बातमी आपण वाचतो. व्याकरण दोन्हीकडे एकच. कर्ता दोन्हीकडे गैरहजर. हेरिगेलच्या युक्तीतला बाणही सुटलाच होता. मग सरावाने आलेले सुटणे आणि हलगर्जीपणाचे सुटणे यांत फरक काय? मन रिकामे होते असे सांगणारी पुस्तके हा प्रश्न विचारत नाहीत, कारण रिकामेपणाच्या भाषेत दोन्ही सारखीच दिसतात.

आता ‘फ्लो’कडे वळू. हा शब्द मानसशास्त्रात आणला मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन अभ्यासकाने. त्याने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांच्या मुलाखती घेतल्या. १९७५ च्या पुस्तकात त्या आहेत. शब्द त्याने मुलाखती देणाऱ्यांच्याच तोंडून उचलला. १९९० सालच्या ‘फ्लो’ या पुस्तकाने तो जगभर गेला. मराठीत त्याला कोणी प्रवाह म्हणतात, कोणी तल्लीनता, आणि घाईत असले की तंद्री. हा शेवटचा शब्द मला खटकतो. तंद्रीत झापड आहे. तंद्रीतला माणूस जिना चुकतो, दूध उतू घालवतो. चिक्सेंटमिहायने सांगितलेल्या अटी पाहिल्या तर त्यांत झापडीला जागाच नाही. ध्येय स्पष्ट हवे, केलेले बरोबर की चूक हे त्याच क्षणी कळायला हवे, आणि आव्हान कुवतीच्या जरा पुढे, पण आवाक्यात हवे. कातळाला लटकलेल्या माणसाला पुढची खोबण सापडली की नाही हे तत्काळ कळते. हे अवधान आहे, तंद्री नव्हे.

आपल्या परंपरेत अधिक नेमके शब्द होते. पतंजलीने ध्यानाची व्याख्या करताना ‘एकतानता’ हा शब्द वापरला आहे. त्यातला ‘तन्’ हा धातू ताणण्याचा, पसरण्याचा; तंतू आणि तान त्याच घरातले. म्हणजे एकतानतेत मन रिकामे नसते. ते एका दिशेला ताणलेले असते, ओढलेल्या प्रत्यंचेसारखे. अभ्यास दृढ कशाने होतो हे सांगताना पतंजली तीन गोष्टी मोजतो: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने केलेला असावा. पहिल्या दोन गोष्टी कोणताही प्रशिक्षक सांगेल. तिसरी विलक्षण आहे. हजारावा बाण पहिल्यासारखाच मानाने हाताळायचा. आपल्या शाळकरी भाषेत अक्षर घोटणे आणि पाढे घोकणे हे दोन शब्द आहेत. दोन्हींत पुनरावृत्ती आहे, पण घोकंपट्टी ही शिवी झाली आणि घोटीव हे कौतुक. औषध खलात घोटतात तेव्हा प्रत्येक फेऱ्याला ते थोडे बदलत असते, आणि घोटणाऱ्याच्या हाताला ते कळत असते. मोजून सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एकेक नाव बांधून ठेवले आहे. भक्तीखेरीज त्यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे. बारा नावे ओळीने घ्यायची तर लक्ष ठेवावेच लागते.

बिंद्राचे ‘अ शॉट ॲट हिस्टरी’ हे आत्मकथन २०११ चे. रोहित ब्रिजनाथ या क्रीडालेखकाबरोबर लिहिलेले. खेळाडूंच्या आत्मचरित्रांत सहसा शाळा, पराभव, जिद्द, पदक अशा ठरलेल्या पायऱ्या असतात, त्या याही पुस्तकात आहेत. त्या मी वगळून वाचल्या. या पुस्तकाची किंमत आहे ती एका जवळजवळ निरर्थक कृतीच्या वर्णनात. दहा मीटरवरच्या कागदावर ४.५ मिलिमीटरची शिशाची गोळी मारायची. मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. ताठ जाकिटात, साडेपाच किलोपर्यंतची रायफल कमरेच्या आणि फासळ्यांच्या आधाराने तोलून उभे राहायचे. नाडीच्या ठोक्यानेही नळी हलते. श्वास अर्धा सोडून थांबायचे, चापावरचे बोट दाबायचे. मग रायफल खाली. पुन्हा. त्या काळच्या प्राथमिक फेरीत असे साठ वेळा, पावणेदोन तासांत. सरावात दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे.

यात मन रिकामे होते का? बिंद्रा जे सांगतो ते याच्या उलट आहे. त्याचे मन क्षुल्लक गोष्टींनी खच्चून भरलेले आहे. बुटाच्या तळव्यातला एखादा मिलिमीटर. जाकिटाचा ताण. २००४ साली अथेन्सला तो अंतिम फेरीत पोहोचला आणि सातवा आला. उभे राहण्याच्या जागेवरची फरशी सैल होती असे नंतर कळले. त्याने काय करावे? सरावाच्या जागी मुद्दाम सैल फरशी बसवून घेतली आणि तिच्यावर उभा राहून गोळ्या झाडल्या. हे वाचून हसू येते. मग येत नाही. पुनरावृत्ती म्हणजे तेच ते करणे असे आपण समजतो. इथे माणूस तेच ते करताना प्रत्येक वेळी काय वेगळे झाले ते शोधत बसला आहे. त्याला कंटाळा येत नाही असे नाही. पण एका गोळीपासून दुसरी गोळी वेगळी ओळखता येऊ लागली, की मनाला राहायला जागा मिळते.

सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन याने १९२० च्या दशकात मॉस्कोच्या श्रमसंस्थेत हातोड्याने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कामगारांचे अभ्यास केले. हातावर आणि हातोड्यावर लहान दिवे लावून त्यांच्या मार्गाची छायाचित्रे घेतली. कामगार निष्णात होते. तोच घाव त्यांनी आयुष्यात असंख्य वेळा घातलेला. तरी कोणत्याही दोन घावांचा हवेतला मार्ग एकसारखा नव्हता. घाव मात्र नेमका छिन्नीवर. यावरून बर्नस्टाइनने सरावाची जी कल्पना मांडली तिचा आशय असा, की सरावात उत्तर पुन्हा पुन्हा घोटले जात नाही, ते शोधण्याची क्रिया घोटली जाते. बिंद्राची सैल फरशी आणि बर्नस्टाइनचा हातोडा यांची ओळख करून दिली तर दोघांचे चांगले जमेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी निष्णात गोल्फ खेळाडूंवर प्रयोग केले. काठी फिरवण्याच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष द्या असे सांगितल्यावर त्यांची कामगिरी ढासळली. लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवल्यावर ती टिकली. मग अवधान चांगले की वाईट? उत्तर बहुधा अवधान कुठे ठेवले यात आहे. जोन व्हिकर्स हिने बास्केटबॉलच्या फ्री थ्रोमध्ये खेळाडूंच्या नजरेचा माग काढला. सरस खेळाडूंची नजर चेंडू फेकण्याआधी कड्यावर अधिक वेळ स्थिर राहते, असे तिला १९९६ साली दिसले. तिने याला ‘शांत डोळा’ म्हटले. म्हणजे लक्ष हातावरून उठते, पण नाहीसे होत नाही. ते कड्यावर जाऊन बसते. सरावात बिंद्रा बुटाच्या मिलिमीटरपाशी असतो, स्पर्धेत नेमाच्या कड्यापाशी. सरावात सोडणे तपासून घ्यायचे, म्हणजे स्पर्धेत सुटण्यावर भरवसा ठेवता येतो. रिकामे मन दोन्हीकडे नाही. बंदूक साफ करताना गोळी सुटते तिथे मात्र ते असते.

बीजिंग, ११ ऑगस्ट २००८. प्राथमिक फेरीत बिंद्राचे ६०० पैकी ५९६, चौथा क्रमांक. अंतिम फेरीत दहा गोळ्या, दशांशात गुण. आधी नेम जुळवण्याच्या गोळीला चार गुण पडले आणि त्याला दुर्बिणीविना नेमयंत्र घाईघाईने पुन्हा जुळवावे लागले. मग १०.७, १०.३, १०.४, १०.५, १०.५, १०.५, १०.६, १०.०, १०.२ आणि १०.८. दहापेक्षा खाली एकही नाही, बेरीज १०४.५. भारताचे ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण. या दहा आकड्यांकडे मी बराच वेळ पाहिले. हेरिगेलच्या ‘त्या’ने झाडल्या असत्या तर सगळ्याच १०.९ यायला हव्या होत्या. त्या तशा नाहीत. आठवी गोळी जेमतेम दहाच्या उंबऱ्यावर आहे. नववीही बेताची. अवधान ढळते, सावरते, पुन्हा ढळते. सरावाने एवढेच साधले आहे की ढळण्याची हद्द अडीच मिलिमीटरच्या आसपास आली आहे.

त्या शेवटच्या गोळीआधी फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बिंद्राच्या बरोबरीने होता. दोघेही ६८९.७ वर. हाक्किनेनला ९.७ मिळाले आणि तो तिसरा आला. चीनचा झू चिनान दुसरा. हाक्किनेननेही आयुष्यातली कितीतरी वर्षे त्याच कागदासमोर उभे राहून काढली होती. सरावाच्या साहित्याची ही मोठी अडचण आहे. ते १०.८ वाल्याकडून लिहिले जाते. शेवटचा क्षण सोन्याचा निघाला की मागची सगळी वर्षे त्या क्षणाकडेच निघाली होती असे वाटू लागते, लेखकालाही आणि वाचकालाही. बिंद्राच्या श्रेयाला हे लावायचे, की पदक मिळाल्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल, निराशेबद्दल तो उघडपणे बोलला आहे. तल्लीनतेने आनंद मिळतो हा करार कुणी केलेला नव्हता.

मुराकामी या तिघांत सगळ्यात सामान्य खेळाडू आहे, आणि म्हणून मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतो. १९८२ साली, तेहेतीस वर्षांचा असताना, तो धावू लागला. ‘व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग’ हे पुस्तक जपानीत २००७ चे. त्यात पदक नाही. उलट वय वाढते तशी मॅरेथॉनची वेळही वाढत जाते आणि तो ती प्रामाणिकपणे मांडतो. पुस्तक पुष्कळ ठिकाणी सपाट आहे. बुटांविषयी, हवामानाविषयी, ऐकलेल्या संगीताविषयी तो लिहितो आणि मधूनच वाटते की याला काही सांगायचेच नाही. कदाचित धावण्याबद्दल लिहिताना हा सपाटपणा टाळता येत नसेल.

पण त्यातले एक प्रकरण वेगळे आहे. १९९६ च्या जूनमध्ये होक्काइदोतल्या सारोमा सरोवराकाठी तो शंभर किलोमीटर धावला. त्याला ११ तास ४२ मिनिटे लागली. पंचावन्नाव्या किलोमीटरनंतर शरीराने बंड केले. आपण माणूस नाही, यंत्र आहोत, असे तो स्वतःला बजावत राहिला. आणि पंच्याहत्तराव्या किलोमीटरच्या सुमाराला काहीतरी ओलांडले गेले; वेदना मागे पडल्या, पाय आपोआप चालू लागले, आपण कोण हेही बिनमहत्त्वाचे झाले. हेरिगेलच्या वाचकाला जे हवे असते ते सगळे इथे आहे. पुढे काय झाले? तो शर्यत पूर्ण करून घरी आला आणि धावण्यावरचे त्याचे मन उडाले. धावायचा थांबला नाही, पण पूर्वीची ओढ गेली. ही उदासी लवकर सरली नाही. त्याने वेगळे खेळ धरले, पोहणे, सायकल, ट्रायथलॉन, आणि हळूहळू परत आला.

‘फ्लो’वरच्या लेखांत सारोमाचा पंच्याहत्तरावा किलोमीटर उद्धृत करायला सोपा आहे, नंतरची उदासी उद्धृत केली जात नाही. माझ्या वाचनात मात्र हे दोन्ही एकच आहेत. त्याने स्वतःला यंत्र केले, आणि यंत्राला धावण्याची ओढ नसते. सारोमाला जे लागले त्यात पतंजलीच्या तीन अटींपैकी तिसरी नव्हती. ते अवधानाचे टोक नव्हते, अवधान सोडून देऊन तग धरणे होते. मुराकामी असे म्हणत नाही. हे मी म्हणतो आहे. पण त्याच पुस्तकात लेखकाला प्रतिभेनंतर काय लागते हे सांगताना तो एकाग्रता आणि चिकाटी अशी दोन वेगळी नावे घेतो. सारोमाला चिकाटी होती.

अँडर्स एरिकसनचे नाव इथे घेतलेच पाहिजे. बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरच्या १९९३ च्या प्रसिद्ध निबंधात त्याने आणि सहकाऱ्यांनी हेतुपूर्वक सरावाची संकल्पना मांडली. असा सराव कष्टाचा असतो आणि तो मुळातच सुखद नसतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ज्यांना प्रावीण्य हवे त्यांनी तल्लीनतेची वाट पाहू नये. चिक्सेंटमिहायचा सूर वेगळा. आनंद नसेल तर माणूस इतकी वर्षे टिकेल कशाला? या वादात कुणा एकाची बाजू घ्यावी असे मला वाटत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या वेळांबद्दल बोलत आहेत. मला काळजी वाटते ती नव्याने मैदानावर आलेल्या मुलामुलींची. तल्लीनतेची वर्णने वाचून ती सरावाला येतात. पंधरा दिवसांत मन रिकामे झाले नाही, बुटाचा तळवा टोचतच राहिला, की ती समजतात आपल्यात काही कमी आहे. तो टोचणारा तळवा हाच सराव आहे, हे त्यांना हेरिगेलकडून कळणार नाही. निदान त्याच्या सिद्धान्तातून नाही.

हेरिगेलच्या शेवटच्या पानांतून मात्र कळू शकते. जपान सोडण्यापूर्वी तो निरोप घ्यायला जातो. गुरू त्याला आपले सर्वांत चांगले धनुष्य देतात. यापुढे भेट होईल न होईल, पण अधूनमधून कळवत राहा, असे सांगतात. मनाची अवस्था, ‘तो’ येतो का, झेन कुठवर आले, यांपैकी काहीच लिहून पाठवायला ते सांगत नाहीत. धनुष्य ओढतानाचे एक छायाचित्र पाठव, म्हणतात. तेवढ्यावरून मला जे कळायचे ते कळेल.